मागाहून आलेलं ‘विथ’

जळगाव,
१६ फेब्रुवारी १९८८

चि. सौ. यशोदा हीस,

अनेक आशीर्वाद. आम्ही परवा संध्याकाळी धुळ्याहून नीट पोहोचलो. एरंडोलला गाडी पंक्चर झाली, सगळे उतारू खाली उतरून रस्त्याच्या कडेला उभे. यांनी तेवढ्यात पेरू घेतले आणि अर्धे तिथेच संपवले. मगनरावांचा खोकला कमी झाला का? दुकानात मोटारींना लावतात त्या वॉर्निशच्या वासानं तो वाढतो, हे मी मागेही म्हटलं होतं.

कार्यक्रम फार चांगला झाला. नानांचा अमृतमहोत्सव शाळेच्या जुन्या विद्यार्थ्यांनी इतका मनापासून केला, याचं मला अजून आश्चर्य वाटतं. पांढऱ्या मिशांची माणसं नाना व्यासपीठावर येताच वर्गात उठावं तशी उठून उभी राहिली, आणि मागून कुणीतरी ओरडलं, ‘सर, इंग्लिशमध्येच बोला! आम्हाला पुन्हा एकदा काही न समजण्याचा आनंद द्या!’ नाना किती हसले. त्यांना असं हसताना मी बऱ्याच वर्षांनी पाहिलं. तू पाहत असशील.

तुझी मोरपंखी साडी शोभत होती. पुढच्या रांगेत तुम्ही बसलात तेच योग्य झालं, आयोजकांना तुम्हीच माहीत. आम्ही तिसऱ्या रांगेत होतो. तिथूनही सगळं ऐकू येत होतं.

ऐकू येत होतं म्हणूनच हे लिहिते आहे. भाषणात नाना तुझ्याबद्दल एक वाक्य बोलले. ‘फॉर सिक्स इयर्स आय हॅव पुट अप विथ माय डॉटर यशोदा.’ टाळ्या झाल्या. तू डोळ्यांना पदर लावलास. माझ्या शेजारच्या बाई म्हणाल्या, ‘किती गोड बोलले सर.’ मग जेवताना तू मला हळूच विचारलंस, ‘अक्का, नाना मन्हं नाव लिसनी काय बोलनात?’ मी म्हटलं, ‘तुझ्याकडे राहतात, असं म्हणाले.’ तू खूष झालीस आणि माझ्या पानात आणखी एक जिलबी वाढलीस.

माझं ते उत्तर पूर्ण नव्हतं. ते मला डाचतं आहे.

पुट अप म्हणजे मुक्काम करणे, उतरणे. आपल्याकडे शिकलेली माणसं एकमेकांना विचारतातच, ‘व्हेअर आर यू पुटिंग अप?’ सभेत सगळ्यांनी तोच अर्थ घेतला. पण त्यापुढे विथ लागलं की अर्थ फिरतो. पुट अप विथ म्हणजे सहन करणे, चालवून घेणे. मी दर वर्षी बारावीच्या वर्गाला हे शिकवते, आणि दर वर्षी पेपरात मुलं लिहितात, ‘आय पुट अप विथ माय अंकल’. म्हणायचं असतं, मी काकांकडे राहतो. मी लाल शाईनं गोल काढते.

नानाही तसेच चुकले, असं म्हणून विषय संपवता आला असता. पण नाना इंग्रजीत चुकत नाहीत, हे तुलाही माहीत आहे. ‘लुक आफ्टर’ आणि ‘लुक फॉर’ यांतला फरक माझ्या डोक्यात उतरवायला त्यांनी एक अख्खी दुपार घालवली होती. तू तेव्हा अंगणात सागरगोटे खेळत होतीस. तुला कधी बसवलं नाही त्यांनी.

हे तुला कळवावं की नाही, यावर मी दोन दिवस घालवले. रोजनिशीत दोन्ही बाजू मांडून पाहिल्या. न सांगणं म्हणजे तुला खोट्या समजुतीत ठेवणं, असं शेवटी ठरलं. आता लिहून झाल्यावर पुन्हा शंका येते की मला नुसतं खरंच सांगायचं होतं का? पण खरं ते खरं आहे. कोशात पाहून खात्री केली.

तू नानांचं किती करतेस ते मी जाणते. आपल्याला भाऊ नाही. मुलीच्या घरी राहायचं नाही म्हणणारा माणूस आई गेल्यावर तुझ्या मधल्या खोलीत राहायला आला, तेव्हा मी इथून बोलावलं नव्हतं असं नाही. बोलावलं होतं. ते म्हणाले, ‘तुझं कॉलेज असतं.’ ठीक आहे. आता मात्र मला वाटतं, या उन्हाळ्यात त्यांनी इथे यावं. व्हरांड्याजवळची खोली रिकामी आहे. त्यांना इंग्रजी वर्तमानपत्र मिळेल, बोलायला कुणी मिळेल. तुलाही जरा मोकळीक होईल. त्यांनाही.

नानांना हे पत्र वाचून दाखवू नकोस. तूही मनाला लावून घेऊ नकोस. शब्दाचा अर्थ सांगितला, एवढंच.

तुझी,
अक्का


जळगाव,
२७ मार्च १९८८

चि. सौ. यशोदा हीस,

आशीर्वाद. मागच्या पत्राला उत्तर आलं नाही. पण उत्तराऐवजी नाना आले, म्हणजे पत्र मिळालं असं समजते.

मगनराव त्यांना घेऊन दारात उभे राहिले तेव्हा मी पेपर तपासत होते. ‘ल्या अक्का, तुमना नाना लई उनू,’ म्हणाले आणि ट्रंक उंबऱ्याच्या आत सरकवली. नाना मागे उभे, हातात छत्री, एखाद्या तपासणीला आलेल्या साहेबासारखे. ‘यशो घराला चुना लावते आहे,’ ते मला म्हणाले. ‘म्हटलं, तिला अडचण नको.’

नाना हातपाय धुवायला मागे गेले, तेवढ्यात मगनराव काय बोलले ते तुला माहीत असेल किंवा नसेल. मी जसंच्या तसं लिहिते. ‘अक्का, मोटारीचं वाइंडिंग जळायला लागलं की आधी धूर दिसत नाही, नुसता वास येतो. तुमचं पत्र आलं त्या दिवसापासून आमच्या घरात तसा वास आहे. यशोदा भांडी आपटत नाही. नानांशी भांडत नाही. चहाचा कप ठेवते नि निघून जाते. नाना मला विचारतात, काय व्हयनं? मी काय सांगू? मला कुठे इंग्रजी येते?’

मी म्हटलं, ‘मी फक्त अर्थ कळवला, मगनराव.’

‘हां,’ ते म्हणाले. ‘मीही गिऱ्हाइकाला फक्त बिल देतो. तोंड त्याचं वाकडं होतं.’

चहा घेतला, यांच्याशी दोन शब्द बोलले, मिळेल त्या गाडीनं परत गेले. राहा म्हटलं तर राहिले नाहीत. औषधांची पिशवी धुऊन परत पाठवायला सांगितलं आहेस, ती वाळत आहे.

तू दुखावलीस हे मला मगनरावांकडून कळावं, याचं वाईट वाटलं. मला तुला दुखवायचं नव्हतं. असं लिहिते आहे खरी, पण थोडा वेळ थांबून पुन्हा वाचलं तेव्हा वाक्य तितकं सरळ वाटलं नाही. तरी खोडत नाही.

आता नानांविषयी. ते इथे अगदी रमले आहेत. मी त्यांच्या खोलीत टेबल लावून दिलं, दिवा बसवला, खिडकीला वाळ्याचा पडदा लावला. सकाळी वर्तमानपत्र येतं. त्यातल्या चुका काढायच्या म्हणून मी लाल पेन्सिल ठेवली, पण अजून त्यांनी ती उचलली नाही. मी विचारलं, तर म्हणाले, ‘हल्ली बरं लिहितात.’

तुझ्याकडे त्यांची किती कुरकुर चाले, ते मी दर वेळी पाहत होते. भाजीत तिखट फार, रेडिओ मोठा, दाढीचं पाणी गार, मगनरावांनी माझी खुर्ची का हलवली. इथे एक शब्द नाही. परवा चहात साखर जास्त पडली, मलाच पिववेना. त्यांनी कप संपवला आणि म्हणाले, ‘उत्तम.’ काल भाकरी जरा करपली. ‘उत्तम.’ पाण्याचा तांब्या भरून ठेवला तरी, ‘थँक यू, प्रमिला.’ सहा वर्षं सहन करून माणूस थकलेला असतो. त्याला शांतता मिळाली की तो असाच होत असेल, असं मी यांना म्हटलं.

हे हसले. त्यांना मी सगळं सांगितलं होतं. म्हणाले, ‘आमच्या दीपनगरच्या ऑफिसात पुट अप म्हणजे फाईल साहेबापुढे ठेवणे. मी रोज फायली पुट अप करतो आणि साहेब मला पुट अप विथ करतो. तुमच्या घराण्यात एवढ्याशा शब्दावर माणूस गावाहून गावाला हलतो, हे नवीन.’ यांची थट्टा मला कधीकधी आवडत नाही.

आणि आमच्या भाकऱ्या करायला येणाऱ्या भागाबाईंनी काल विचारलं, ‘बाई, तुमना पाहुणा अजून कितला दिन शेत?’ मी म्हटलं, ‘पाहुणे नाहीत, माझे वडील आहेत.’ तर म्हणाल्या, ‘ते बठ्ठं खरं, पण अंघोळीले जातांना इचारतस ना, जाऊ का म्हनीसन.’

नाना मला विचारून अंघोळीला जातात, हे तोवर माझ्या लक्षात आलं नव्हतं. शिस्तीचा माणूस आहे, दुसरं काय.

तेव्हा काळजी करू नकोस. नाना इथे सुखात आहेत. कशाबद्दलही तक्रार नाही. उन्हाळ्यापुरतंच नको, पुढेही त्यांनी इथेच राहावं, असं मला वाटतं. त्यांची गरम बंडी आणि बाकी पुस्तकं मगनराव सवडीनं आणून देतील का? तुला या बाबतीत काय वाटतं ते स्पष्ट कळव. मोकळेपणानं कळव.

तुझी,
अक्का


जळगाव,
१९ एप्रिल १९८८

यशो,

तुझं कार्ड मिळालं. बंडी नाही, पुस्तकं नाहीत, राहावं की राहू नये याचं उत्तर नाही. एवढंच, ‘अक्का, तू लिहितेस नाना कुरकुर करत नाहीत. त्यांना ताप तर नाही ना? हात लावून बघ.’

मला आधी हसू आलं. मग राग आला. मी रोज पाहते ना त्यांच्याकडे, ताप असता तर कळलं नसतं? कार्ड टेबलावर ठेवून मी कॉलेजात गेले, दोन तास पर्यवेक्षण केलं, परत आले. नाना व्हरांड्यात पेपर वाचत बसले होते. बाहेर ऊन असं की समोरच्या लिंबाखाली कुत्रंसुद्धा धापा टाकत होतं. मी चप्पल काढली आणि त्यांच्या कपाळावर हात ठेवला.

नानांनी चष्मा काढला. माझ्याकडे न पाहताच म्हणाले, ‘यशोचं पत्र उनं का?’

माझा हात त्यांच्या कपाळावर होता, यशो, आणि त्यांनी त्या हाताखाली तुला ओळखलं. शिवाय ते आपल्या बोलीत बोलले. माझ्याशी ते कायम शुद्ध बोलतात, पुस्तकात लिहावं तसं. मी एम.ए. झाले तेव्हापासून. मला त्याचा अभिमान होता.

ताप नव्हता.

मी शेजारी बसले आणि त्यांना सांगून टाकलं. म्हटलं, ‘नाना, सभेत तुम्ही यशोबद्दल जे वाक्य बोललात, त्याचा अर्थ मी तिला पत्रानं कळवला. म्हणून तुम्ही इथे आहात. चुन्याचं काही खरं नाही.’

‘कोणता अर्थ?’

‘सहन करणे.’

त्यांनी पेपराची घडी घातली. मग म्हणाले, ‘बरोबर आहे. मी तेच म्हटलं होतं.’

तुझ्यापासून लपवत नाही. त्या क्षणी माझ्या छातीत काहीतरी उडी मारून उठलं. म्हणजे मी बरोबर होते. म्हणजे सभेत पुढच्या रांगेत मोरपंखी साडी नेसून जी रडली, ती चुकीच्या अर्थावर रडली, आणि तिसऱ्या रांगेत जी बसली होती तिला एकटीला खरं कळलं. इतक्या दिवसांत मला इतकं बरं वाटलं नव्हतं.

पण नाना थांबले नाहीत. त्यांच्यातला मास्तर जागा झाला. ‘शब्द कुठून आला, पाहिलास का?’ मी म्हटलं, अर्थ पाहिला. ‘अर्थ सगळेच पाहतात,’ ते म्हणाले आणि खुर्चीत सरळ झाले. पूर्वी पुट अप म्हणजे तलवार म्यानात घालणे. उपसली होती, ती परत ठेवली. मग त्यावरून, कुणी अपमान केला तर तो उचलून खिशात घालणे. परत न फेकणे. तेव्हा त्याला विथ नव्हतं, नुसतं पुट अप. घोडा सराईत बांधणे, आपण तिथे उतरणे, हा अर्थ वेगळ्या वाटेनं आला. विथ मागाहून आलं.

‘कशासाठी आलं?’ मी विचारलं.

‘शब्द म्हातारा झाला की त्यालाही टेकायला काहीतरी लागत असेल,’ ते म्हणाले. स्वतःच्याच विनोदावर खूष झाले. ‘साहेब अपमान खिशात घालतो, आपण पोटात घालतो. खिशातलं तसंच राहतं. पोटातलं पचतं, नाही तर दुखतं.’

आणि मग ते तुझ्याबद्दल बोलायला लागले. मी फक्त ऐकत होते. ‘यशो उठली की रेडिओ लावते. भक्तिगीतं लावावीत माणसानं, ही बाजारभाव लावते. शेती कुठे आहे हिची? कापसाचा भाव हिला कशाला पाहिजे? विचारलं तर म्हणे, त्या माणसाचा आवाज चांगला शे. तिखट असं घालते की डोळ्यांतून पाणी. मी ताट सरकवतो, ती परत सरकवते. मी म्हणतो, मास्तरला मारशील का? ती म्हणते, मराना, पन जेवीसन मरा. मगनराव तिकडून हसतो. त्याचं हसणंही वाईट आहे, मोटार बिघडल्यासारखं. सहा वर्षं सोसतो आहे मी. तीही सोसते. माझी दाढी, माझं खाकरणं, माझं व्याकरण. खोटं नाही बोललो मी सभेत.’

यशो, ते किती वेळ बोलत होते. आवाज मोठा झाला होता. भागाबाई पीठ मळता मळता दारात येऊन उभ्या राहिल्या. ते इथे आल्यापासून एका वेळी इतकं कधी बोललेच नव्हते, आणि मी त्याला शांतता म्हणत होते.

मी विचारलं. विचारायला नको होतं, पण मला तेवढंच विचारायचं होतं, फेब्रुवारीपासून तेवढंच. म्हटलं, ‘आणि माझ्याबद्दल सभेत काहीच बोलला नाहीत.’

हे मी तुला दोन पत्रांत लिहिलं नाही. नानांनी माझं नाव घेतलं नाही. आईचं घेतलं, तुझं घेतलं, मगनरावांचं घेतलं, शाळेच्या पुना शिपायाचंसुद्धा घेतलं. मी तिसऱ्या रांगेत प्रत्येक वाक्याला पुढे सरकून बसत होते.

नाना चष्म्याची काच धोतरानं पुसत राहिले. ‘तुझं वाक्य तयार होतं,’ म्हणाले. ‘आठवडाभर घोकलं होतं. आय टेक प्राइड... आणि उभा राहिल्यावर आठवेना, पुढे इन की ऑफ. तू समोर बसलेली. म्हटलं, हिच्यासमोर चुकायचं नाही. गाळलं.’

‘इन,’ मी म्हटलं. ‘टेक प्राइड इन.’

‘हां. इन,’ ते म्हणाले. ‘थँक यू.’

मी काय केलं ते तुला दिसतं ना? पंचाहत्तर वर्षांचा बाप मला सांगतो आहे की त्याला माझा अभिमान आहे, आणि मी त्याचा शब्द सुधारून देते. तोंडातून आपोआप गेलं. जन्मभर तेच केलं आहे, आणि शिकवलं त्यांनीच.

थोड्या वेळानं मी म्हटलं, ‘मला कधी चालवून घ्यावं लागलं नाही का तुम्हाला?’

‘तुझं काय चालवून घ्यायचं?’ ते म्हणाले, अगदी प्रामाणिकपणे. ‘तू काही चुकीचं करतच नाहीस.’

त्यांनी हे कौतुक म्हणून म्हटलं, हे मला समजतं. मी ते आत नेऊन रोजनिशीत लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी विचारलं, ‘नाना, यशोकडे जायचं आहे का?’ म्हणाले, ‘तुझी गैरसोय होत असेल तर जाईन.’ हे पाहुण्याचं उत्तर आहे. त्या उत्तरात ते वर्षभर राहतील, उत्तम म्हणत, करपलेली भाकरी खात, अंघोळीला जाऊ का विचारत. स्वतःहून परत जायचं कधी म्हणणार नाहीत. भागाबाईंना हे पहिल्या आठवड्यात कळलं होतं.

मग मी आपल्या बोलीत विचारलं. किती वर्षांनी बोलले कोण जाणे, जीभ अडखळली. म्हटलं, ‘नाना, खरं सांगा. माले राग येवाव नही.’

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग म्हणाले, ‘तठे माले कटकट कराले भेटस.’

एवढंच बोलले आणि परत पेपरात तोंड घातलं.

तेव्हा तू ये आणि त्यांना घेऊन जा. मगनरावांना पाठवू नकोस, तू ये. ट्रंक मी भरून ठेवली आहे. मी हे मोठ्या मनानं करते आहे असं समजू नकोस, आणि धुळ्यात कुणाला तसं म्हणू देऊ नकोस. मी जळते आहे. नाना सभेत काय म्हणाले याचं आता काही नाही. तू ताट परत सरकवतेस याचं आहे. मला ते सुचलंही नसतं. मी ताट उचलून नेलं असतं आणि कमी तिखटाची भाजी करून आणली असती.

नानांना ठेवून घ्यावं, रोज थोडं मीठ जास्त घालावं, कधीतरी ते ओरडतील, असाही विचार मी केला. खरंच केला. एक दिवस वरणात मीठ जास्त घातलंही. ते दोन पेले पाणी प्यायले.

आणखी एक सांगायचं आहे. माझ्या पहिल्या पत्राबद्दल तू अजून मला एक शब्द बोलली नाहीस. नानांशी अबोला धरलास, त्यांना गाडीत बसवून पाठवलंस, आणि मला लिहिलंस काय, तर ताप बघ. तू माझ्याशीही पाहुण्यासारखीच वागतेस. मी धुळ्याला आले की गादीवर नवी चादर असते, पानात जिलबी असते, रेडिओ बंद असतो. अक्का शिकलेली आहे, अक्काला चालणार नाही.

या वेळी तसं करू नकोस. ते पत्र मी का लिहिलं हे तुला पहिल्या दिवशीच कळलं असेल, शब्दाचा अर्थ कळायच्याही आधी. ते पोटात घालू नकोस. दारात चप्पल काढायच्या आधी बोल. यांच्यासमोर बोल, भागाबाईंसमोर बोल, आवाज चढव. मी उलटून बोलेन, माझा स्वभाव आहे. नाना मध्ये पडतील आणि तुझी बाजू घेतील, तेही मला दिसतं आहे. तरी बोल. आणि भांडून झाल्यावर लगेच निघू नकोस. रात्री राहा.

उत्तर लिहू नकोस. ये.

तुला चालवून घ्यावी लागेल अशी,
अक्का